शेवटचा राहिला का?

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली की सर पेढे वाटायचे, आणि वाटायला सुरुवात करायचे ती शेवटच्या बाकापासून. पुढे बसलेली मुलं हात पुढे करून थांबायची. सर त्यांच्याकडे न बघता सरळ मागे जायचे. मागून पुढे येता येता पेढे संपले, तर पहिल्या बाकाच्या वाट्याला खोबऱ्याचा तुकडा. "पुढच्याला कोणीतरी देतंच," म्हणायचे. एवढं झाल्यावर दारात उभं राहून मोठ्यानं विचारायचे, "शेवटचा राहिला का?"

शेवटच्याला तर सगळ्यांत आधी मिळालेला असायचा. तरी विचारायचे.

रिक्षातून उतरले की वळून आत बघायचे. क्लासला कुलूप लावलं की पुन्हा उघडून आतल्या खोलीत डोकावायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा. वाढप्याला सारखे म्हणायचे, "तिकडे कोपऱ्यात बघा हो, भाजी पोचली का?" लोक हसायचे. मीही हसत असे.

मी मूळची नांदगावची. नाशिकला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं, नोकरी मिळेना, म्हणून नाशिकरोडला जेल रोडवर सरांच्या क्लासमध्ये शिकवायला लागले. खाली पंक्चरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला की वरची फरशी थरथरायची. सर बोलता बोलता थांबायचे, खडू हातात तसाच, आणि आवाज बंद झाला की ज्या शब्दावर थांबले त्याच्या पुढच्या शब्दापासून बोलायला लागायचे. मध्ये कितीही वेळ गेला तरी शब्द चुकायचा नाही.

पन्नाशी ओलांडलेली. उंच, पण खांद्यात वाकलेले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, कारण आधी बरीच वर्षं अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होते. लग्न केलेलं नव्हतं. घरचं-दारचं काही विचारायची सोय नसलेला माणूस. मनमाडला भाऊ आहे, एवढंच मला माहीत होतं.

पाटीवर पायथॉनचा पूर्ण कोर्स लिहिलेला होता. प्रत्यक्षात सरांनी कुणाला फॉर लूपच्या पुढे नेलं नाही. यादी, आणि त्या यादीतल्या एकेकाकडे जाणारा लूप. पुढचं सगळं माझ्याकडे. तेही सर म्हणतील तेव्हा, आणि सर लवकर म्हणायचे नाहीत.

सुरुवातीचे काही दिवस ते मुलांना कीबोर्डला हातच लावू देत नसत. भिंतीशी ओळीनं उभं करायचे. "ही यादी," म्हणायचे. मग टेबलाच्या खणातून एक जुनी माकडटोपी काढायचे. "आणि हा एक्स." टोपी पहिल्याच्या डोक्यावर घालायची, त्यानं आपलं पूर्ण नाव सांगायचं, मग टोपी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर. असं शेवटच्यापर्यंत. जेल लावून केस उभे केलेली पोरं कुरकुर करायची, मुली रुमाल मध्ये धरायच्या. सर ऐकायचे नाहीत.

"टोपी एकच आहे. डोकी बदलतात. ज्याच्या डोक्यावर असेल, तेवढ्या वेळेपुरता तो एक्स. कळलं?"

"कळलं, सर."

"यादीत किती जण आहेत, हे तुम्ही मोजायचं नाही. यादीला माहीत असतं ती कुठं संपते. माणूस मोजायला गेला की चुकतो."

एकदा त्यांनी अख्ख्या बॅचला भाजीबाजारात पाठवलं. मेथी विकणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, जुडी केवढ्याला. एकीलाही सोडायचं नाही, आणि विकत घ्यायची नाही. मी देखरेखीला. पहिल्या दोघींनी भाव सांगितला. तिसरी चिडली. "घ्यायची नाय तं इचारतो कशाला रं? सकाळपासून भवानी नाय झाली, आन् ह्यांची टवाळी!" तिनं पाण्याचा तांब्या पोरांच्या अंगावर रिकामा केला. पुढच्या बायका तोवर सावध झाल्या होत्या. पोरं भिजलेल्या बुटांनी परत आली. सरांनी एवढंच विचारलं, "शेवटची राहिली का?"

"सर, एक पार टोकाला बसली होती. तिला नाही विचारलं."

सरांचा चेहरा उतरला. खरोखर उतरला. ते स्वतः चप्पल घालून बाजारात गेले आणि त्या बाईला भाव विचारून आले. तेव्हा मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे.

त्यांचा एक धडा मात्र ठरलेला होता. प्रत्येक बॅचला तो एकदा द्यायचेच. फळ्यावर लूप लिहायचे, पण जुन्या पद्धतीनं, मोजून, आणि मुद्दाम एक कमी मोजून. मग मुलांकडून तो हातानं चालवून घ्यायचे. सगळी नावं यायची, शेवटचं यायचं नाही.

"एरर आली का?"

"नाही, सर."

"कागद कसा दिसतो?"

"चांगला दिसतो."

"चांगलाच दिसणार. नावं सरळ ओळीत, एकाखाली एक. जे छापलंय ते सगळं बरोबर आहे. जे नाही ते दिसत नाही." मग फळा पुसायचे. त्या दिवशी पुढे काही शिकवायचे नाहीत.

दर शनिवारी क्लासला एक मोठा माणूस यायचा. चाळिशीचा असेल. निवृत्तीराव. उजव्या हाताची बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली, कारण आत हात नव्हता. शेवटच्या बाकावर बसायचा, डाव्या हाताच्या एका बोटानं कीबोर्डवर अक्षर शोधायचा. सगळे सरांना सर म्हणायचे, हा साहेब म्हणायचा. मला वाटायचं, नात्यातला असेल.

एकदा खाली टपरीवर चहा घेताना तोच बोलला. "ताई, एक सांगू का? मला नाय शिकायचं हे."

"मग येता कशाला?"

"नाय आलो तं साहेब घरी येतात. चुंचाळ्याला. पलंगावर बसतात, पाणी पितात आन् भिंतीकडं बघत ऱ्हातात. पोरांचा अभ्यास थांबतो. बायको गॅस बंद करून आतल्या खोलीत जाऊन बसती. त्यापेक्षा मीच येतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. तो कंपनीत प्रेसवर होता, पत्रा कापायच्या मोठ्या मशीनवर. सर त्याच कंपनीत कॉम्प्युटर बघायचे. रोज कोणत्या प्रेसची तपासणी करायची, त्याचा कागद कॉम्प्युटरवरून निघायचा. तो प्रोग्रॅम सरांचा. लूप शेवटच्या मशीनच्या एक आधीच थांबत होता. शेवटच्या प्रेसचं नाव त्या कागदावर कधी आलंच नाही, आणि कागदावर नाही म्हणून तिच्याकडे कधी कोणी गेलं नाही. एक दिवस निवृत्तीरावांनी पायाखालचं पेडल सोडलं, पत्रा काढायला हात आत घातला, आणि प्रेस आपली आपण पुन्हा खाली आली.

"कंपनी म्हणली, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. साहेब सगळ्यांना सांगत सुटले, माझी चूक हाय, माझी चूक हाय. कोणाला ऐकायचंच नव्हतं. मग ते नोकरी सोडून गेले. मला वाटलं, गेले. तं एक दिवस दारात उभे. म्हणले, निवृत्तीराव, तुम्हाला खुर्चीवर बसून करायचं काम शिकवतो."

"राग येतो का त्यांचा?"

त्यानं ग्लासातला चहा हलवला. "यायचा. लय यायचा. आता नाय. मी वॉचमनकी करतो, बरं चाललंय. खरं सांगू? आठवडाभर मला त्या हाताची आठवण बी येत नाय. शनिवार आला का येती." मग म्हणाला, "तुम्ही सांगा ना साहेबांना. तुमचं ऐकतील."

मी सांगून बघितलं. सर माउस उघडून त्यातला कचरा काढत होते. "सर, निवृत्तीरावांना यात रस नसेल तर?"

"रस लागतो. बसता बसता लागतो. एकदा लूप कळला की..."

तेवढ्यात खालचा कॉम्प्रेसर सुरू झाला. सर थांबले. मी थांबले. आवाज बंद झाल्यावर सर म्हणाले, "...पुढचं सगळं सोपं आहे," आणि पुन्हा माउसमध्ये बघायला लागले. मी विचारलेलं तिथंच राहिलं.

शनिवारची बॅच त्या वर्षी चांगली होती. यश नावाचा एक हुशार मुलगा होता, तोंडाचा जरा फटकळ. तो एक दिवस उठून म्हणाला, "सर, पुढे चला ना. लूप झाला आमचा."

"निवृत्तीरावांचा झाला की पुढे जाऊ."

"सर, त्यांचा नाही होणार." सगळी मुलं खाली बघायला लागली. निवृत्तीरावही. "आणि आता लूप लिहायला येणं कोणाला हवंय? हे बघा." त्यानं मोबाईल पुढे केला. मराठीत एक वाक्य बोलला, आणि पडद्यावर प्रोग्रॅम हजर. यादी, लूप, सगळं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचला. वरून खाली, पुन्हा वरून खाली. ते चूक शोधत होते. मला ते बघवेना.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "शेवटचाही घेतलाय यानं." मग यशला विचारलं, "ही तिसरी ओळ काय करते?"

"काय माहीत. चालतंय ना, सर."

एरवी सर यावर तासभर बोलले असते. त्या दिवशी त्यांनी मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "चालतंय खरं."

दिवाळीनंतर त्या बॅचमधलं कोणी आलं नाही. यश दोघांना घेऊन कॉलेज रोडच्या एसी क्लासला गेला, बाकीचे नुसतेच गेले. माझ्याकडे इतर दिवशी चार-दोन मुलं टिकून होती. शनिवारी उरले एकटे निवृत्तीराव.

सरांनी शिकवणं बदललं नाही. आतल्या खोलीत बसून मला दिसायचं. ते निवृत्तीरावांना एकट्याला भिंतीशी उभं करायचे, डोक्यावर टोपी घालायचे, नाव विचारायचे. तोही सांगायचा, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग सर टोपी काढायचे, आणि ती कुणाच्या डोक्यावर घालायची ते न सुचून हातात धरून उभे राहायचे. "समजा, इथं पुढचा आहे," म्हणायचे, आणि पुन्हा त्याच्याच डोक्यावर घालायचे. पन्नाशीपुढचा एक माणूस आणि एका हाताचा दुसरा. मी दार लोटून घ्यायची.

असाच एक शनिवार. दार उघडंच होतं. निवृत्तीरावांनी डोक्यावरची टोपी स्वतःच्या हातानं काढली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब, बसा जरा."

सर उभेच राहिले.

"त्या दिवशी मी शेवटल्या प्रेसवर नव्हतोच."

सरांनी टेबलावरची टोपी उचलली.

"अलीकडच्या प्रेसवर व्हतो. हात वाचवायची पुढची जाळी मीच काढून ठेवली व्हती, माल लवकर निघावा म्हणून. माझ्यावर येईल म्हणून भ्यालो. सगळे म्हणायचे शेवटली मशीन खराब हाय, म्हणून तिचं नाव सांगितलं. तरी बी माझ्यावर आलंच, ते सोडा. पण तुमच्या कागदाचा न् माझ्या हाताचा काय संबंध नाय. इतकी वर्षं बोललो नाय. आज बोलतो."

मी दारात येऊन उभी राहिले होते. दोघांनाही मी दिसत नव्हते.

"खरं सांगतोस, निवृत्ती?" सरांनी विचारलं. त्याला राव न लावता हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

"पोरांची आन."

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. सर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, आणि या वेळी भिंतीकडे नाही, त्याच्याकडेच. मग म्हणाले, "बरं." टोपीची घडी घातली. "जा मग तू. घरी जा. आता शनिवारी येऊ नकोस."

निवृत्तीराव जिन्यावरून उतरले. मी मागोमाग गेले आणि त्यांना टपरीपाशी गाठलं. "खरं होतं का हो ते?"

ते घामानं भिजले होते. "सुटलो, ताई," म्हणाले. "ते बी सुटले." थोडं पुढे गेले आणि परत आले. "पण पोरांची आन घ्यायला नको व्हती." आणि गेले.

मला वाटलं होतं, सर आता मोकळे होतील. ओझं उतरलं म्हणजे माणूस ताठ होतो, असा माझा समज. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली. "तुला चालवायचा असेल तर चालव. मी मनमाडला जातो, भावाकडे." कोर्स अर्धवट असलेल्या मुलांची चौकशी केली नाही. जाताना कुलूप मी लावलं. ते जिना उतरत होते, वळून बघितलं नाही.

मी काही महिने ओढून बघितलं. मुलं येईनात. पुढे दोन्ही खोल्या पंक्चरवाल्यानं टायर ठेवायला घेतल्या, कॉम्प्युटर भंगारात गेले. मला एका कंपनीत काम मिळालं. मशीननं लिहिलेले प्रोग्रॅम वाचायचे आणि बरोबर की चूक एवढी खूण करायची. बहुतेक वेळा बरोबरच असतात. दिवसभर मी बरोबर, बरोबर करत बसते.

मागच्या उन्हाळ्यात नांदगावला घरी जाताना मी मधेच मनमाडला उतरले. जायच्या आधी निवृत्तीरावांना फोन केला होता. "भेटा, भेटा," म्हणाले. "कसे हायत ते मला सांगा."

सरांच्या भावाचं घर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं. वहिनींनी दार उघडलं. मी ओळख सांगितली, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघा तुमच्याशी बोलतात का. आमच्याशी नाही बोलत. ताट दिलं तर जेवतात, नाही दिलं तर मागत नाहीत."

सर खाटेवर बसले होते. समोर टीव्ही, आवाज बंद. गालफडं बसलेली. मला ओळखलं. "ये," म्हणाले. खिशात टेस्टर नव्हता, बनियनला खिसाच नव्हता.

वाटेत गाडीत मी ठरवून आले होते. या माणसाला त्याची चूक परत द्यायची. खोटं बोलून त्याच्याकडून काढून घेतलेली, त्याची एकुलती एक वस्तू. ती असती तर निदान शनिवार तरी असता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या, तसं मी बोलायला सुरुवात केली. "सर, निवृत्तीराव त्या दिवशी जे बोलले ना..."

"खोटं बोलला," सर म्हणाले.

मी खाटेजवळची खुर्ची ओढून बसले.

"त्याला शेवटच्या प्रेसमधून मीच सोडवलं होतं. ऑफिस जवळ होतं, ओरडणं ऐकून धावलो. तो बेशुद्ध होता. त्याला कुठून कळणार कोणी काढलं. मी कधी सांगितलं नाही." ते टीव्हीकडे बघत बोलत होते. "जाळी जागेवर होती, पत्रा काढायच्या फटीतून हात आत गेलेला. मी ती स्वतः उचकटली. हे बघ." त्यांनी उजवा तळवा उघडून दाखवला. बोटांच्या मुळाशी पांढरट, आडवा व्रण होता.

"मग तेव्हाच का नाही बोललात, सर?"

आत कपबश्या वाजत होत्या.

"पोरांची शपथ घेतली गं त्यानं," सर म्हणाले. "माझ्यापासून सुटायला एखादा माणूस आपल्या पोरांची खोटी शपथ घेतो. याच्यापुढे त्यानं मला आणखी काय सांगायला हवं होतं?"

चहा आला. सरांनी बशीत ओतून घेतला आणि प्यायले. मी निघाले तेव्हा ते उठले नाहीत. "नीट जा," म्हणाले.

गाडीत बसले आणि निवृत्तीरावांचा फोन आला. "भेटले का साहेब? बरे हायत ना?"

"बरे आहेत."

"हसतात, बोलतात?"

"बोलले माझ्याशी."

"बरं झालं. बरं झालं, ताई." मग संकोचून म्हणाले, "मी म्हणतो, आता तसं काय राहिलं नाय आमच्यात. एकदा जाऊन भेटून येऊ का? आपलं असंच. चुकल्या-चुकल्यावानी वाटतं शनिवारचं."

नांदगाव जवळ आलं होतं. लोक पिशव्या काढायला उठले होते. "निवृत्तीराव, मला उतरायचंय," मी म्हटलं. "नंतर बोलते," आणि फोन ठेवला.

नंतर मी केला नाही. त्यांचाही आला नाही.